दुपारी झोपणारं दुकान

तिला सगळे खुंटीवाल्या बाई म्हणत. म्हणजे तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ फिरली की ‘खुंटीवाल्या’. तिला हे माहीत होतं, आणि राग यायचंही काही कारण नव्हतं, कारण हे नाव तिनेच स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. तिचा धंदा वेबसाइट बांधण्याचा. चपलांचं दुकान, चष्म्याचं दुकान, समारंभाला खुर्च्या भाड्याने देणारा, पिंजऱ्यातले पक्षी विकणारी, अशा सगळ्यांना ती वेबसाइट बांधून देई, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधी एक प्रवचन ऐकावं लागे.

“हे बघा, मी तुमची वेबसाइट मोकळ्या जमिनीवर बांधत नाही. एक तयार सांगाडा आहे. जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, फुकट आणि उघडा. कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी. त्याचा मधला भाग, म्हणजे गाभा, सगळ्यांचा सारखाच. त्या गाभ्याच्या भिंतींना जागोजागी खुंट्या आहेत. तुमचं जे काही जगावेगळं असेल ते मी वेगळं शिवणार आणि खुंटीला अडकवणार. उद्या नको झालं, काढून ठेवलं. पण भिंत फोडायची नाही.”

“आणि फोडली तर?” चष्मेवाल्याने एकदा विचारलं होतं.

“गाभ्याची नवी आवृत्ती येते तेव्हा जुनी भिंत जाते आणि नवी येते. खुंट्या जागच्या जागी राहतात, त्यामुळे टांगलेलं सगळं तसंच राहतं. भिंतीत कोरून काढलेलं कपाट मात्र भिंतीबरोबर जातं. मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

चष्मेवाला हे ऐकून इतका घाबरला की पुढे साधा दुकानाचा फोन नंबर बदलायचा तरी विचारायचा, “बाई, यात भिंत नाही ना फुटत?”

तिचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खिडकी पूर्ण लागत नसे, म्हणून फटीत पुठ्ठा कोंबलेला. खुर्चीचं एक चाक कधीच गेलेलं, त्यामुळे ती कायम जराशी डावीकडे कलून काम करी आणि लोकांना वाटे, बाई खोल विचारात आहेत. कामात मात्र बाई अतिशय सरळ. गाभ्याला हात लावणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. दुसऱ्या कुणी बिघडवलेली वेबसाइट तिच्याकडे दुरुस्तीला आली की ती आत बघायची आणि कपाळाला हात लावून म्हणायची, “कुणी केलं हे पाप?”

आता अशा बाईच्या घरी काय चाललं होतं ते ऐका.

तिच्या सासऱ्यांचं जुन्या शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ज्या मशीनच्या कंपन्याही आता बंद पडल्या, अशा मशीनचे पट्टे, चाकं, सुया, स्प्रिंगा त्यांच्याकडे मिळत. दुकान अरुंद, पण तिन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण. कोणत्या खणात काय, हे त्यांच्याशिवाय एकट्या त्यांच्या बायकोला माहीत होतं, आणि ती जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. गावातले शिंपी कमी होत चालले तेव्हा सुनेने हौसेने वेबसाइट बांधून दिली आणि लांबलांबून ऑर्डर यायला लागल्या. म्हातारबुवा खूश. पण खूश झालेला म्हातारा गप्प बसत नाही. तो सूचना करतो.

एकदा चहाच्या वेळी म्हणाले, “अगं, हे यादी अशी काय दाखवतंय? कात्री आधी, सुई शेवटी. माझ्याकडे पहिला खण सुयांचा आहे. खणांच्या ओळीने लाव की.”

मग एकदा म्हणाले, “हे ‘माल शिल्लक नाही’ काय लिहिलंय? आमच्याकडे असं कधी म्हणत नाहीत. ‘शोधतो, थांबा’ असं लिही.”

मग आलं ते सगळ्यांवर ताण करणारं. “मी दुपारी झोपतो. शटर अर्धं खाली असतं. मग ही तुझी वेबसाइट त्या वेळी उघडी कशी? लोक ऑर्डरी टाकत बसतात, फोन कोकलतो, माझी झोपमोड होते. दुकान झोपलं की हिलाही झोपव.”

हे प्रत्येक काम नीट करायचं तर वेगळं शिवून खुंटीला टांगायचं. त्याला सकाळ जाते. गिऱ्हाइकांचं काम पडलेलं असतं, सासरे चहाचा कप घेऊन समोर बसलेले असतात, आणि गाभ्यातली एक ओळ बदलली की काम दोन घोटांत होतं. बाईंनी ती ओळ बदलली. मनाशी म्हणाली, घरचंच आहे, नंतर बघू. मग दुसरी बदलली. तिसरीला तर तिचा हात थबकलाही नाही. परक्यांच्या भिंतीवर चुन्याचा डाग पडू न देणाऱ्या बाईने घरच्या भिंतीला चाळणी केली. खाली प्रत्येक वेळी एक टीप मात्र न विसरता लिहून ठेवी, ‘बाबांसाठी. तात्पुरतं.’

हे तात्पुरतं छान चाललं होतं. सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिला नसता तर पुढेही चाललं असतं.

त्यांचं कडेचं दिसत होतं, मधलं जात होतं. रस्ता दिसे, माणूस दिसे, पण त्याचं तोंड दिसत नसे. वाचणं तर संपलंच. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते सांभाळा, गेलेलं परत यायचं नाही. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन सुनेला विचारलं, “दुकानाचं काय?”

दुकानाचं काय, हा प्रश्न तिच्या नवऱ्यालाही पडला होता. तो तरणतलावावर पोहायला शिकवी. दिवसभर काठावर उभं राहून कोण बुडतंय का ते बघायचं, ही नोकरी. ती इतकी अंगात मुरली होती की घरीही त्याला सगळे बुडतानाच दिसत. त्यातून वडिलांनी ऑर्डर नीट न वाचता आल्यामुळे कुणाला पट्ट्याऐवजी स्प्रिंग पाठवली आणि कुणाला चाकाऐवजी काहीच नाही, नुसतं रिकामं खोकं. रिकामं खोकं मिळालेल्या बाईने फोन करून जे काही ऐकवलं ते नेमकं नवऱ्यानेच ऐकलं.

“बाबांचा अपमान मला बघवत नाही,” तो रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाला. “जागेचा करार महिनाअखेर संपतोय. जामीन म्हणून सही माझी लागते. ऑर्डर त्यांना स्वतःला कळली, आणि बरोबर माल स्वतः पाठवता आला, तर मी डोळे झाकून सही करतो. नाहीतर दुकान बंद केलेलं बरं.”

“मी आहे ना वाचून दाखवायला,” ती म्हणाली.

“तू किती दिवस वाचणार? आणि तू वाचलंस तर दुकान त्यांचं राहिलं कुठे?”

हे त्याचं म्हणणं तिला झोंबलं, कारण ते खरं होतं.

फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो. तिने तो चालू केला आणि सासऱ्यांना दुकानाचं ऑर्डरींचं पान उघडून दिलं. त्यांनी बोट फिरवलं. फोन म्हणाला, “बटण.” पुढे सरकवलं. “बटण.” आणखी पुढे. “बटण. बटण. बटण.”

“शिंपी आहे का हा?” सासरे म्हणाले.

हसून हसून तिची पुरेवाट झाली, पण नंतर ती बाहेर जाऊन थोडी रडलीसुद्धा. दोष आवाजाचा नव्हता. सांगाडा बांधणाऱ्यांनी आतल्या बटणांना नावंच दिलेली नव्हती. डोळे असणाऱ्यांना चित्रावरून कळतं, त्यामुळे कुणाला गरज वाटली नव्हती.

आणि योगायोग बघा, गाभ्याची नवी आवृत्ती नुकतीच आली होती, आणि तिच्यात कुणा परोपकारी माणसांनी बसून एकेका बटणाला नाव दिलं होतं. तिने ते वाचलं आणि खुर्चीतून अशी उठली की उरलेल्या चाकांनीही मान टाकली. तिने दुकानाच्या वेबसाइटची एक नक्कल काढली, नकलेवर नवी आवृत्ती चढवली, आणि धावतच दुकानात आली.

सासऱ्यांनी बोट फिरवलं. आवाज घडाघडा बोलू लागला. “नवी ऑर्डर. नाव. पत्ता. भाग. पाठवला अशी नोंद करा.” त्यांचा चेहरा उजळला. मग ते मालाच्या यादीवर गेले आणि थांबले.

“पहिली कात्री का? सुया कुठे गेल्या?”

तिने फोन हातात घेऊन पाहिलं. सुया शेवटी गेल्या होत्या. ‘शोधतो, थांबा’ गेलं होतं आणि ‘माल शिल्लक नाही’ परत आलं होतं. दुपार झाली तरी वेबसाइट टक्क जागी होती. नव्या भिंतीबरोबर कोरलेली सगळी कपाटं गेली होती.

“आवाज चांगला आहे,” सासरे हळूच म्हणाले. “पण हे माझं दुकान नाही. मला खणांची ओळ हाताला पाठ आहे, आता तेवढीच उरलीय. हे दुसऱ्याच कुणाचं दुकान आहे.”

मग तिला सांगावंच लागलं. गाभा, खुंट्या, भिंत, आणि आपण चहाच्या घोटागणिक काय करून ठेवलं ते सगळं. तिला वाटलं, रागावतील. सासरे उलट मिशीत हसायला लागले.

“अगं, मी तेच केलंय. तुझ्या सासूच्या मशीनचं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला कंपनीचा भाग, मापात, चोख. आणि घरचं मशीन अडलं की हाताला येईल ते कानशीने घासून बसवायचं. घरचंच आहे म्हणून. शेवटी अशी गत झाली की कंपनीचा एकही भाग त्यात बसेना. तिने मला असं काही फैलावर घेतलं म्हणून सांगू! म्हणाली, जगाची मशीनं नीट करता आणि माझ्याच मशीनचा खेळखंडोबा का?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? बोलणी खाल्ली आणि जन्मभर तिच्यासाठी एकेक भाग घासत बसलो. तू तसं करू नकोस. तुझ्या खुंट्या आहेत म्हणतेस ना, त्यांना टांग.”

ती कामाला लागली. आपणच केलेले सगळे बदल तिने शोधून समोर मांडले. ‘बाबांसाठी. तात्पुरतं. बाबांसाठी. तात्पुरतं.’ स्वतःचंच हे अक्षर वाचून तिचा तिळपापड होत होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला उभं आडवं घेतलं असतं. इथे शिव्या द्यायला समोर आरसाच होता. खणांची ओळ तिने वेगळी शिवली, तिला खुंटी होती. ‘शोधतो, थांबा’लाही खुंटी होती. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि राहिली शेवटची. दुपारची झोप.

तिथे खुंटीच नव्हती. गाभ्याच्या त्या भिंतीवर काहीही टांगायची सोय नव्हती. सांगाडा बांधणाऱ्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं की एखादं दुकान झोपेल. रात्रंदिवस उघडं असणं हीच तर वेबसाइटची फुशारकी.

महिनाअखेर दारात उभी होती. एक ओळ बदलायची, बस. तिचा हात तिथपर्यंत गेलासुद्धा.

सासऱ्यांना कुणकुण लागली. “अगं, सोड ती झोप,” ते म्हणाले. “दुकान राहिलं तर झोपेचं काय मोठंसं.”

त्यांनी हे अगदी सहज म्हटलं, आणि म्हणूनच ते तिला सहन झालं नाही. गल्ल्यामागे जमिनीवर एक चटई कायम गुंडाळून ठेवलेली असे. सासूबाई होत्या तेव्हा दोघं दुपारी शटर अर्धं ओढून तिथेच आडवी होत, छताकडे बघत गिऱ्हाइकांच्या नकला करत आणि मग झोपत. सासूबाई गेल्या, पण सासरे अजून चटईच्या अर्ध्या भागावरच झोपत. ही झोप काढून घेऊन वाचवलेलं दुकान तिला नको होतं. आणि भिंत पुन्हा फोडायची नाही, हा तर तिने कानाला खडा लावला होता.

मग तिने ते केलं जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. सांगाडा सांभाळणाऱ्या मंडळींकडे स्वतः खुंटी घडवून पाठवली आणि म्हटलं, ही गाभ्यात घ्या. ती मंडळी देशोदेशी विखुरलेली, एकमेकांना चेहऱ्याने न ओळखणारी. त्यांच्यातला जो मुख्य होता त्याने स्वतःच्या फोटोऐवजी घुबडाचं चित्र लावलेलं होतं. आतापर्यंत ती त्यांचं फुकट वापरत आली होती, आणि त्यांच्याशी बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटे. एवढी मोठी माणसं, आपण कोण?

घुबडाने कोरडा प्रश्न टाकला. “ऑर्डरचं बटण ठरावीक वेळी बंद का करायचं? कोणत्या व्यवसायाची ही गरज आहे?”

भारदस्त काहीतरी लिहावं म्हणून तिने दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा पुसलं. मग सरळ लिहिलं, “माझे सासरे दुपारी झोपतात.”

आपण जगासमोर हसं करून घेतलं, असं वाटून ती नखं कुरतडत बसली. मग उत्तर आलं. “माझे वडील न्हावी होते. दुपारी दार लावून गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत झोपायचे. आम्ही पोरं बाहेर बसून लोकांना परत पाठवायचो. खुंटी चांगली आहे. नाव बदला, ती नीट चालते का हे तपासणाऱ्या कसोट्या जोडा, घेतो.”

घुबड मनाचा मऊ असला तरी कामाला कडक होता. त्याने तिचं काम पुन्हा पुन्हा परत पाठवलं. इथे मोकळी जागा जास्त आहे, तिथे समजावणारी ओळ नाही. चष्मेवाल्याला धाकात ठेवणाऱ्या बाई शाळेतल्या पोरीसारख्या मान खाली घालून दुरुस्त्या करत बसल्या. शेवटी खुंटी गाभ्यात बसली, नवी आवृत्ती निघाली, आणि ती तिने दुकानावर चढवून नव्या खुंटीला दुपारची झोप टांगली. सुया पहिल्या आल्या. शोधतो, थांबा आलं. आणि दुपार झाली तशी वेबसाइट झोपी गेली. तिचा जीव भांड्यात पडला.

आता राहिला नवरा. “बघतो,” एवढंच म्हणून तो कामावर गेला.

त्या दिवशी ती दुकानातच संगणक मांडून बसली होती. दुपार उलटली, सासऱ्यांनी चटई गुंडाळली, शटर वर केलं, आणि लगेच फोन बोलला. “नवी ऑर्डर.” सासऱ्यांनी बोट फिरवलं. आवाजाने आधी भाग सांगितला. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची ती छोटी पोलादी डबी, एका फार जुन्या मॉडेलची. मग एक भलतंच नाव सांगितलं. मग पत्ता सांगितला, तरणतलावाचं कार्यालय.

तिने झटकन मान वर केली. सासरे मात्र ढिम्म. ताकास तूर लागू देईनात. उठले, भिंतीवर हात ठेवून खण मोजत गेले, डबी काढली, बोटांत फिरवून बघितली. पाठवायला खोकं घेतील असं तिला वाटलं, तर त्यांनी खणातून कानस काढली आणि कोरी करकरीत डबी कडेने घासायला लागले. जरा घासायचे, अंगठ्याने चाचपायचे, पुन्हा घासायचे.

“बाबा, नवीन माल का घासताय?”

“गिऱ्हाइकाचं मशीन जरा वेगळं आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी डबी खोक्यात घातली, छापून आलेली पत्त्याची पट्टी चिकटवली, फोनवर बोट फिरवून ‘पाठवला’ची नोंद केली आणि कुरिअरवाल्याच्या हाती दिली. तिने कशालाही हात लावला नाही. तिला नुसतं बसून राहणं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा खोकं घेऊनच घरी आला. आतल्या खोलीत आईचं मशीन होतं, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असे. त्याने ढीग उचलून पलंगावर टाकला, झाकण काढलं, गुडघ्यावर बसला आणि डबी खाली सरकवली. कट् असा आवाज झाला आणि ती बसली. त्याने चाक फिरवलं. चाक फिरलं.

दारात सासरे उभे होते. ते मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, कारण मधलं त्यांना दिसत नव्हतं. ते जरा बाजूला बघत होते, म्हणजे त्याला बघत होते.

“कंपनीची बसली नसती,” ते म्हणाले. “तुझ्या आईच्या मशीनला घासूनच लागते.”

नवऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्याला गरजही वाटली नाही. शेवटी नाक ओढत म्हणाला, “कराराचे कागद कुठेत?”

“गल्ल्यात. पण तू काल दुपारपासून ऑर्डर टाकत होतास ना? झोपलो होतो मी.”

“कळलं. वेबसाइटने मला हाकलून दिलं. म्हणाली, दुकान झोपलंय, चारनंतर या.”

“मग बरोबर आहे,” म्हातारा समाधानाने म्हणाला. “घरचा असलास म्हणून काय झालं?”